मोरलँड घराण्याचा ३६वा भाग: कागदावर वाचावा की पडद्यावर?

सिंथिया हॅरड-ईगल्स यांची मोरलँड ही इंग्रजी ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका १९८० साली सुरू झाली. ३५ भाग झाले, मग दहा वर्षांहून जास्त काळ काहीच आलं नाही. आता संपली असं मनाशी धरून बसलो होतो आणि २०२४ मध्ये ३६वा भाग आला, ‘द गॅदरिंग स्टॉर्म’. यॉर्कशायरच्या या घराण्याची गोष्ट पंधराव्या शतकातून निघून आता दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्याशी आली आहे. ज्यांनी मालिका वाचली आहे त्यांना भाग घ्यावा की नाही हा प्रश्न पडणारच नाही. प्रश्न आहे तो छापील घ्यावा, ई-रीडरवर उतरवावा की ऐकावा, एवढाच. मी आधी ई-रीडरवर घेतला, निम्म्यावर थांबलो आणि छापील प्रत मागवली. त्यामुळे दोन्हीबद्दल थोडं सांगू शकतो.

ई-रीडरचं देणं आधी कबूल करतो. अशी पुस्तकं बडोद्याच्या दुकानांत मला तरी सहज मिळत नाहीत, मागवावीच लागतात, आणि दहा वर्षं वाट पाहिल्यावर आणखी आठवडा थांबवत नाही. ई-रीडरवर पुस्तक मिनिटात हाती आलं. साठी ओलांडल्यावर अक्षर मोठं करता येणं ही चैन राहत नाही, गरज होते. रात्री खोलीतला दिवा मालवून, शेजारच्या माणसाची झोप न मोडता वाचता येतं. शिवाय मोरलँडांकडे घोडे फार. तबेल्यातल्या जुन्या इंग्रजी शब्दांवर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो. छापील पुस्तकात असे शब्द मी वर्षानुवर्षं अंदाजानं ओलांडत आलोय.

एवढं सगळं असून अडलं ते वंशावळीपाशी.

या घराण्यात जेम्स, एडवर्ड, रॉबर्ट ही नावं पिढ्यान् पिढ्या फिरत राहतात. बडोदेकरांना हे समजावून सांगायला नको. गायकवाडांच्या गादीवर सयाजीराव तीन झाले, आणि तिसऱ्या सयाजीरावांच्या दोन्ही राण्यांचं सासरचं नाव चिमणाबाईच. पहिल्या तंजावरच्या लक्ष्मीबाई, दुसऱ्या देवासच्या गजराबाई. रावपुऱ्यातला टॉवर पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ, आणि १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्या दुसऱ्या. इथे जन्म काढलेली माणसंसुद्धा यात गल्लत करतात. मग परक्या घराण्यातली नावं दहा वर्षांनी कुठून लक्षात राहणार? अशा पुस्तकाच्या सुरुवातीची वंशावळ शोभेला नसते. मला ती दर दहा-पंधरा पानांनी लागते.

ई-रीडरवर ती चित्र म्हणून येते. अक्षरं तिळाएवढी. चिमटीनं मोठं करावं तर एक शाखा दिसते, बाकीचं झाड पडद्याबाहेर जातं, आणि नवऱ्यापासून निघालेली रेघ कुठल्या मुलापाशी पोचते ते पाहायला चित्र सरकवत बसावं लागतं. प्रत्येक सरकवण्याला पडदा क्षणभर काळा होऊन परत उमटतो. एवढं करून वाचत्या पानावर परतावं, तर दोनदा मी भलत्याच ठिकाणी पोचलो. मग कंटाळून वंशावळ पाहणंच सोडलं आणि चूक झाली ती तिथे. एका रात्री चाळीसेक पानं मी एका चुलतभावाला त्याचा काका समजून वाचली. दोघांमधला एक हळवा प्रसंग होता, तो माझ्या हातून कोरडा गेला. चूक कळल्यावर परत वाचला, पण पहिल्यांदा वाचताना जे व्हायला हवं होतं ते दुसऱ्यांदा होत नाही. मला ही गोष्ट फार लागली.

नव्या यंत्रांत ही अडचण कमी झाली असेलही. माझं जुनं आहे.

ऐकण्याबद्दल थोडक्यात. कमाटी बागेत सकाळी फिरताना मी या मालिकेतले जुने भाग ऐकतो आणि ते मनापासून आवडतं, कारण माणसं ओळखीची आहेत. नवा भाग मात्र ऐकून सुरू करू नये असं मला वाटतं. कानावरून गेलेलं नाव मागे जाऊन शोधता येत नाही.

छापील प्रत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात केली. डाव्या हाताची तर्जनी वंशावळीच्या पानात अडकवलेली, उजवा अंगठा वाचत्या पानावर. नाव आलं की पान उलटायचं, बघायचं, परतायचं. दोन क्षणांचं काम. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल जवळ घेतली. कुणाच्या नावापुढे ‘सोम, १९१६’ (पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई), कुणापुढे ‘अमेरिकेत’, कुणापुढे नुसतं प्रश्नचिन्ह, असं बारीक अक्षरात लिहीत गेलो. तिसऱ्या दिवशी प्रश्नचिन्हं खोडायला लागलो. गेल्या आठवड्यापासून ते पुस्तक बायकोकडे आहे, आणि माझ्या एका नोंदीखाली तिनं ‘नाही, हा धाकटा’ असं लिहिलंय. तिचं बरोबर आहे.

डोळ्यांचा त्रास असेल तर ई-रीडर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त वाचायला बसण्याआधी एक संध्याकाळ काढून वंशावळ फुलस्केप कागदावर हातानं उतरवून घ्या आणि उशाशी ठेवा. डोळे साथ देत असतील तर माझं मत छापील प्रतीला. त्यातही पेपरबॅक बरी. पुठ्ठाबांधणीची जाड प्रत आडवं पडून वाचताना अर्ध्या तासात मनगट भरून येतं, आणि तर्जनी वंशावळीत अडकवायची तर ती एका हातात पेलायला हवी.