घरी येणारे सर की गल्लीतला क्लास?

आई-बाबा दोघंही संध्याकाळी सातनंतर घरी येणार असतील, तर पाचवी-सहावीतल्या पोराच्या अभ्यासाचं काय? जुळे सोलापूर, विजापूर रोड, सोलापुरात सगळीकडं हाच प्रश्न.

घरी सर बोलावले की ने-आणीची कटकट नाही. एप्रिलात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा चार वाजता पोराला सायकलवर पाठवायला नको वाटतं. शिवाय अडलेलं तिथंच सुटतं. अपूर्णांकांची बेरीज करताना पोरगं छेदसुद्धा बेरजेत धरतंय, हे शेजारी बसलेल्यालाच दिसतं. भरलेल्या क्लासमध्ये फक्त उत्तर चुकलेलं कळतं. पण घरात मोठं माणूस नसताना परक्याला बोलवायचं का? आजी-आजोबा असतील तरच, असं माझं मत. फी जास्त, आणि सरांनी दांडी मारली की पोरगं टीव्हीपुढे.

क्लासला फी कमी, वेळ ठरलेली, सोबतीला मित्र. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांची तर चार पोरांत मराठीही आपसूक सुधारते. शेजारच्या ताईंचा दहा-बारा मुलांचा क्लास मिळाला, तर मी तोच निवडेन. मोठ्या कोचिंगची घाई नको. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालच्या मुलांना तिथं प्रवेशच देऊ नये.

आणि शाळेतल्या बाईंनाच गळ घालू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही.

पैसे भरण्याआधी क्लासमधल्या एखाद्या मुलाची वही मागून बघा. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की चुकीशेजारी काही लिहिलंय?