मुलींची शाळा की मिश्र शाळा?

पाचवीला लेकीला हुजूरपागा या मुलींच्या शाळेत घालू की घराजवळच्या मिश्र शाळेत, असं पुण्यातली एक मैत्रीण विचारत होती. हुजूरपागा १८८४ सालची. तेव्हा वेगळी शाळा नसती तर कित्येक मुली शिकल्याच नसत्या. आज ते कारण उरलेलं नाही.

निकालांच्या जाहिराती बाजूला ठेवा. २०१४ मध्ये २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. काटेकोर अभ्यासांत दोन्ही प्रकारच्या शाळांमधला फरक नगण्य निघाला. खर्चाचं म्हणाल, तर अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत फी माफ. खरा खर्च व्हॅनचा.

मला महत्त्वाचा वाटतो तो वावर. मुलींच्या शाळेत मैदान, प्रयोगशाळा, वर्गप्रमुखपद सगळं मुलींच्याच हाती असतं. मिश्र शाळेत शिक्षक जागरूक नसतील तर मधल्या सुट्टीत मैदान मुलं अडवतात. पण मुलांशी बरोबरीने वाद घालायची, एकत्र काम करायची सवय तिथेच सहज लागते. स्वच्छतागृह मात्र दोन्हीकडे स्वतः आत जाऊन बघा: पाणी आहे का, कडी लागते का.

मुलगी बुजरी असेल, खेळाची ओढ असेल, तर मुलींची शाळा घ्या. बोलकी असेल किंवा प्रवासातच दमणार असेल, तर जवळची मिश्र शाळा बरी.