घरगुती दगडी चक्की: फक्त गव्हासाठी घेऊ नका

ही ओट्यावर ठेवायची चक्की आहे. जाळी आणि पात्यांची घरघंटी नव्हे. वरून धान्य टाकायचं, दोन दगडांमधलं अंतर फिरकीने कमीजास्त करायचं, की भरड, रवा किंवा पीठ समोर भांड्यात पडतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या रचनेच्या चक्क्या कितीतरी जण बनवतात आणि गुणदोष थोड्याफार फरकाने तेच असतात.

नुसता गहू दळणार असाल आणि ताज्या पिठाची दुसरी सोय असेल, तर ओट्यावरची जागा अडवू नका. गव्हाचं पीठ चांगलंच येतं, प्रश्न तो नाही. दाण्यात अंकुर वजनाने जेमतेम अडीच-तीन टक्के, कोंडा चौदाच्या आसपास, बाकी पिष्टमय गर. (जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, सवय जात नाही.) तेल एकवटलेलं त्या चिमुकल्या अंकुरात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या, अंकुर आणि कोंडा बाजूला काढणं सोपं झालं आणि पांढरं पीठ महिनोन्महिने टिकू लागलं. ब जीवनसत्त्वं, लोह आणि तंतू यांचा मोठा वाटा त्या काढून टाकलेल्या भागातच होता. चक्कीतून सगळं एकत्र येतं, पण अशा पिठाला पाणी जास्त लागतं आणि कोंड्यामुळे पाव थोडा बसका होतो.

खरी गंमत बाजरीत आहे. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास, आणि तो तोडणारी विकरंही दाण्यातच. दाणा अखंड आहे तोवर दोघं आपापल्या जागी असतात; दळलं की गाठ पडते. म्हणून कोरडी बाजरी महिनोन्महिने राहते आणि तिचं पीठ उबदार हवेत थोड्याच दिवसांत कडवट होतं. पाकिटातलं पीठ एकदा चाखून ‘बाजरी कडूच लागते’ म्हणणारे मला खूप भेटले. त्यांना लगेच दळलेलं पीठ नुसतं हुंगायला द्यावं. गोडसर, किंचित मातकट वास येतो, खवटपणाचा मागमूस नाही.

2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. कमी पाण्यात येणारी पिकं म्हणून कौतुक झालं, आणि ते रास्तच आहे. ज्वारी-बाजरीचं प्रकाशसंश्लेषण सी-4 पद्धतीचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पानात आधी एकवटून मग वापरणारं, त्यामुळे उन्हातान्हात तेवढ्याच पाण्यावर ती गहू-भातापेक्षा जास्त वाढ साधतात. भाताच्या तुंबलेल्या खाचरातून मिथेन सुटतो, तो प्रश्नही इथे नाही. पण पीठ टिकत नाही या अडचणीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि पडून खराब होणारा माल ठेवायला दुकानदार नाखूष असणारच. ही अडचण चक्की सोडवते, म्हणून ती माझ्या ओट्यावर आहे.

सगळीच भरडधान्यं मात्र तिला जमत नाहीत. नाचणी सालासकट दळता येते. दगड सैल असले तर दाणे तसेच अख्खे खाली येतात, एवढं सांभाळायचं. राळा, वरी, कोद्रा यांना कठीण तूस असतं. ते काढणं या चक्कीचं काम नाही, तूस काढलेलेच दाणे आणावे लागतात. ओट तर घालूच नका. तेलकट आणि मऊ, दगडांवर चिकट थर बसतो. बसलाच तर मूठभर कोरडे तांदूळ जाडसर भरडून काढायचे, दगड मोकळे होतात. दमट धान्याचंही तेच. दाणा दाताखाली धरून पाहावा: कट्कन फुटला तर दळायला घ्यावा, चेपला तर आधी उन्हात घालावा. खडे निवडायचा कंटाळा असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही.

आवाज भयंकर आहे. पहिल्याच दळणाला ह्यांनी टीव्ही बंद करून बाल्कनी गाठली. अगदी बारीक दळलं की पीठ हाताला चांगलंच गरम लागतं. ते निवल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरते.

एक गोष्ट विक्रेत्याने बेधडक चुकीची सांगितली: ब्रशने झाडली की ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) न चालणाऱ्यांसाठीही हीच चक्की वापरता येते म्हणे. अजिबात नाही. गहू, जव किंवा राय दळलेल्या दगडांच्या खाचांत पीठ उरतंच. घरात सीलियाकचा, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचा, रुग्ण असेल तर ज्वारी, तांदूळ, मक्यासाठी चक्की वेगळीच हवी.

आणि खोक्यावरचं ते ‘पर्यावरणपूरक’! धान्याचा बहुतेक भार शेतातच पडतो. नत्रखतांमुळे जमिनीतून नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो. दळण घरी केलं म्हणून त्यात काडीचा फरक पडत नाही. वर काय ओतता, त्याने थोडा पडेल.

घ्यायचीच ठरली तर वरचा दगड हाताने काढता येतो ना, ते दुकानातच उघडून पाहा. काही चक्क्यांना त्यासाठी मेकॅनिक लागतो, मग साफसफाई कोणी करत नाही.