ग्लोबस (मोठा डेटा एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवणारी वेब सर्व्हिस) वापरून चार वर्षं झाली, थोडं लिहितेय

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही, मान्सूनवाली आहे. इथे अमेरिकेत पीएचडी करतेय, मान्सूनचं मॉडेल चालतं दुसऱ्या राज्यातल्या सुपरकॉम्प्युटरवर आणि डेटा हवा असतो आमच्या युनिव्हर्सिटीच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर. सुपरकॉम्प्युटरवरची स्क्रॅचची, म्हणजे तात्पुरत्या साठवणीची, जागा म्हणजे लॉजची खोली, ठरलेले दिवस संपले की सामान बाहेर. पहिल्याच वर्षी ९ टेराबाइट हलवायचे होते, साधारण ३१ हजार नेटसीडीएफ (हवामानाच्या डेटाचा फॉरमॅट) फायली, आणि मी शहाणीने आरसिंक (फायली कॉपी करणारी कमांड) लावला नि लॅपटॉप उघडा ठेवून बसले. रात्री दोनला वायफाय गेलं, सेशन तुटलं, परत लावलं, पहाटे परत तुटलं. तिसऱ्या दिवशी माझे डोळे बघून लॅबमधला सीनियर म्हणाला, अगं ग्लोबस का नाही वापरत?

तर ग्लोबस म्हणजे ब्राउझरमध्ये शेजारीशेजारी दोन खिडक्या, एकीत इथलं मशीन, दुसरीत तिथलं, फोल्डर निवडा, स्टार्ट दाबा आणि लॅपटॉप मिटून झोपा. कारण डेटा तुमच्या लॅपटॉपमधून जातच नाही, लॅपटॉप फक्त ऑर्डर देतो. तुम्ही पुण्यात बसून फोन करायचा आणि टेम्पो सांगलीहून थेट नागपूरला, तसं. मध्ये काही तुटलं तर जिथे अडलं तिथून आपोआप पुढे सुरू, आणि शेवटी दोन्हीकडच्या फायलींचा चेकसम (फायलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघतो. ते ९ टेराबाइट दहा तासांत गेले, सकाळी चहा घेताना ईमेल आलेला. खरं सांगते, पेपर ॲक्सेप्ट झाल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता.

वेगाचं कारण नंतर कळलं. लांबच्या लाइनवर एकच कनेक्शन असलं की थोडा डेटा पाठवायचा, पोचपावतीची वाट बघायची, मग पुढचा, म्हणजे लाइन निम्मी रिकामीच. ग्लोबसच्या आत डेटा वाहून नेणारा ग्रिडएफटीपी एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडतो.

हे सगळं कुणाचं डोकं म्हणून शोधलं तर इयन फॉस्टर, मूळचा न्यूझीलंडचा माणूस, अमेरिकेतली अर्गोन लॅब आणि शिकागो युनिव्हर्सिटीवाला. त्याने, कार्ल केसलमनने आणि स्टीव्ह ट्यूकीने नव्वदच्या दशकात ग्लोबस टूलकिट (लांबलांबची मशीनं जोडणाऱ्या प्रोग्रामांचा संच) काढलं, कल्पना अशी की भिंतीत प्लग खोचला की वीज येते तशी कम्प्युटिंगची ताकद कुठूनही मिळावी, म्हणून विजेच्या जाळ्यासारखं नाव, ग्रिड. सर्न ह्या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या एलएचसीचा (कण एकमेकांवर आदळवणारं महायंत्र) डेटा जगभर वाटणारी ग्रिड ह्याच घराण्यातली, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर संशोधन संस्थेमध्ये सीएमएस ह्या एलएचसीवरच्या प्रयोगाचं टियर-२ (दुसऱ्या फळीचं) डेटा केंद्र आहे ते त्याच जाळ्यातलं. पण टूलकिट इन्स्टॉल करणं आणि ओळख पटवणारी डिजिटल सर्टिफिकेटं सांभाळणं म्हणजे संशोधकाच्या डोक्याला ताप, मग २०१० मध्ये त्यांनी ते वेबवरची सर्व्हिस करून टाकलं, आणि माझ्या मते खरी कमाल ती आहे. २०१८ च्या सुरुवातीला जुन्या टूलकिटचा सपोर्ट थांबला तर अजूनही काही लोक म्हणतात ग्लोबस बंद पडलं. नाही हो, टूलकिट बंद झालं, सर्व्हिस चालू आहे, शिकागो युनिव्हर्सिटीच चालवते.

आता मला लागलेल्या ठेचा सांगते. एकदा मी एक अख्खा प्रयोग हलवला, ईमेल आला यशस्वी, खूश होऊन बघते तर इनपुटचं फोल्डर रिकामं! तिथे मी जागा वाचवायला सगळे सिमलिंक (खरी फाइल नाही, दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) ठेवले होते आणि फोल्डर पाठवताना डीफॉल्टने सिमलिंक वगळले जातात. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, वाचलं कुणी, मी नाही. दुसरं म्हणजे लाखभर चिल्लर फायली असतील तर वेग पार बसतो, आधी टार करून (अनेक फायलींची एक फाइल करून) गठ्ठे बांधा.

पैशाचं म्हणाल तर ना-नफा संशोधनासाठी साधं ट्रान्सफर फुकट, पण आपलं फोल्डर दुसऱ्याला शेअर करायचं तर संस्थेचं सबस्क्रिप्शन लागतं. आमच्याकडे ते आहे, म्हणून पुण्यातल्या एका सहकाऱ्याला ४०० जीबी शेअर केलं, त्याने गूगलनेच लॉगिन केलं आणि आपल्या पीसीवर ग्लोबस कनेक्ट पर्सनल (आपलं मशीन ग्लोबसला जोडणारा प्रोग्राम) टाकलं. आणि मग त्याच्या ऑफिसचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी! बाहेर जायला ५०००० ते ५१००० क्रमांकांचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, मोकळे लागतात, ते उघडायला अर्ज, अर्जावर साहेबांची सही, साहेब रजेवर. तेरा दिवस गेले. शेवटी पोर्ट उघडले तेव्हा डेटा एका रात्रीत पोचला आणि त्याचा मेसेज आला, "ताई, आलं सगळं, सिमलिंकपण बघितले."

साडेचार स्टार देते. तुम्ही पर्सनलवालं टाकणार असाल तर आधी लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा, तिथे मात्र डेटा लॅपटॉपमध्येच असतो, झाकण मिटलं की टेम्पो थांबला.