ऑक्टाव्हिया आरएस २३० : एक्झॉस्टचा पोचा तसाच ठेवून दहा महिने

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही चौघे पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला निघालो होतो. डिकी सामानाने भरलेली होती आणि मागच्या सीटवर दोघे बसले असल्याने गाडी आधीच दबलेली होती. घाट उतरल्यावर एका गावाच्या वेशीवर, पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक अगदी जवळ आल्यावर दिसला. पुढची चाके निघून गेली आणि लगेच पायाखालून लोखंड घासल्याचा लांब आवाज आला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद असावा लागतो, आणि तसा गतिरोधक माझी गाडी सावकाश, न घासता ओलांडते. हा मात्र जेमतेम हातभर रुंदीचा होता, त्यामुळे त्याचा माथा थेट गाडीच्या पोटाला लागला.

गाडी आहे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. हे मॉडेल २०१७ मध्ये भारतात आले. त्यात दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असून ताकद २३० पीएस आणि टॉर्क ३५० न्यूटन मीटर आहे, आणि साध्या ऑक्टाव्हियापेक्षा ती खाली बसते. मी ती चार वर्षांपूर्वी पहिल्या मालकाकडून घेतली. एवढ्या मन लावून सांभाळलेल्या गाडीला खालून ओरखडा गेला तरी झोप लागत नाही, म्हणून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती लिफ्टवर चढवली.

खाली तीन गोष्टी दिसल्या. एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनचा धूर मागे नेणाऱ्या नळीच्या, मधल्या पाइपला तळहाताएवढ्या लांबीचा पोचा होता. मधल्या सायलेन्सरला पाइप जिथे वेल्ड केलेला असतो, तिथे केसाएवढा तडा होता आणि त्याच्या कडेने काजळीची बोटभर काळी रेघ उमटली होती. शिवाय सायलेन्सर ज्या रबरावर लोंबतो, त्याचा ब्रॅकेट थोडा वाकला होता. वर्कशॉपमध्ये सगळ्यांचे लक्ष पोच्याकडे गेले, कारण डोळ्यांना तोच खुपत होता. ‘पूर्ण जोडणीच बदला’ असा सल्ला मिळाला आणि त्यासोबत सहा आकडी कोटेशन आले. विम्याचा विचार मी एका संध्याकाळीच बाजूला ठेवला. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर आहे, एका क्लेममध्ये तो शून्यावर येतो आणि पुन्हा तिथवर पोचायला पाच वर्षे लागतात.

पोच्याचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. साठ मिलिमीटर व्यासाचा पाइप सहा मिलिमीटर चेपला, तर आतल्या वाटेचे क्षेत्रफळ सुमारे पाच टक्क्यांनी घटते. हा पोचा टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) या दोन्हींच्या बऱ्याच मागे आहे. तिथवर येईपर्यंत वायू पुष्कळ थंड झालेला असतो, त्याचे आकारमान घटलेले असते आणि त्याला कमी जागा पुरते. हाच पोचा टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपवर असता, तर मी एक दिवसही थांबलो नसतो. माझ्या मते एक्झॉस्टच्या इजेबाबत पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कुठे’ हा असायला हवा.

तड्याचेही तसेच आहे. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरच्या आधी गळती असेल, तर वायूच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि संगणक गरज नसताना पेट्रोल वाढवतो. माझा तडा गाडीतल्या अशा दोन्ही सेन्सरच्या मागे होता, त्यामुळे इंजिनला त्याचा पत्ताही नव्हता आणि डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागला नाही. तरीही मी तो सोडायला तयार नव्हतो, कारण तो बरोबर मागच्या सीटखाली होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि त्या सीटवर माझी मुलगी बसते.

ब्रॅकेटला मात्र सुरुवातीला कोणीच महत्त्व दिले नाही, मीही नाही. मग एक आवाज सुरू झाला. सकाळी गाडी काढली की काही नाही, पण वीस-पंचवीस मिनिटांनी, गाडी नीट तापल्यावर, सिग्नलला उभे असताना खालून बारीक थरथरता आवाज यायचा, जणू पत्र्याच्या डब्यात कोणी नाणे हलवते आहे. वर्कशॉपमध्ये गाडी थंड होईपर्यंत तो नाहीसा व्हायचा. दोन वेळा ‘काही सापडले नाही’ असे ऐकून परत आलो. तिसऱ्या वेळी मुद्दाम कात्रजपर्यंत फेरी मारून गाडी तापलेली असतानाच लिफ्टवर घेतली आणि कारण समोर दिसले. दोन मीटर लांबीचा पोलादी पाइप तीनशे अंशांनी तापला तर सहा-साडेसहा मिलिमीटरने वाढतो. वाकलेल्या ब्रॅकेटमुळे पाइप आधीच एका बाजूला सरकलेला होता, आणि तापून वाढला की उष्णतारोधक पत्र्याला टेकायचा. काळजीची बाब आवाजाहून मोठी होती. रबरावर हवा तसा न झुलल्यामुळे इंजिनचा प्रत्येक हिसका वेल्डच्या जोडावर जात होता, आणि तडा त्याच जोडावर होता.

मग मी निर्णय घेतला की ब्रॅकेट सरळ करायचा, दोन्ही रबरे नवी घालायची, तडा आर्गन वेल्डिंगने बुजवायचा आणि पोच्याला हात लावायचा नाही. वेल्डिंग करणारे काका वयस्कर आणि कमी बोलणारे होते. त्यांनी आधी बॅटरीची तार काढली, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून तो पुढे सरकणार नाही याची खात्री केली, घासून चकचकीत केले आणि मगच टाका घातला. शेवटी मागच्या नळकांड्याच्या तोंडावर कापडाचा बोळा धरून जोडावर साबणाचे पाणी शिंपडले, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. सगळे मिळून साडेतीन हजार रुपये झाले.

तेव्हापासून गाडी नऊ हजार किलोमीटर चालली आहे आणि त्यात एक पूर्ण पावसाळाही आला. शहरातले मायलेज पूर्वीइतकेच आहे, पीयूसीचे आकडे आधीच्या वर्षासारखेच आले आणि घाटात ओव्हरटेक करताना ताकदीत कुठेही कमी जाणवली नाही. ऑगस्टमध्ये सायलेन्सरखाली पाण्याचे थेंब पाहून मी घाबरलो होतो. पण ते पाणी कारखान्यातच ठेवलेल्या बारीक निचरा-छिद्रातून येत होते. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढेच पाणी तयार होते, आणि छोट्या फेऱ्यांमध्ये ते सायलेन्सरमध्ये साचते. ते साचू नये म्हणून आता मी दर आठवड्याला एकदा तरी गाडी पाऊण तास सलग चालवतो.

या निमित्ताने ‘मोठा एक्झॉस्टच बसवून टाक’ असे सुचवणारे मित्रही भेटले. त्यांचा मोह मला समजतो, पण मला ते पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठे कारण असे की आमच्या गल्लीत दोन तान्ही मुले आहेत आणि मी पहाटे साडेपाचला निघतो.

मागच्या रविवारी पुन्हा लिफ्टवर घेऊन पाहिले. पोचा जसाच्या तसा आहे आणि त्याच्या कडेला तांबूस गंजाचा पातळ थर आला आहे, तो नखाने खरवडला की निघतो. टाका स्वच्छ आहे, काजळी नाही. डाव्या रबराला मात्र पुन्हा बारीक चिरा दिसल्या, म्हणून नवे मागवले आहे. मधला सायलेन्सर कधी तरी गंजून जाईलच. तेव्हा पाइप कापून क्लॅम्पने नवा जोडायचा आहे, आणि पोचा त्या तुकड्यासोबतच निघून जाईल.