क्रूझवरची स्पेशालिटी रेस्टॉरंट आणि मुलांचे दर: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

क्रूझच्या तिकिटात मेन डायनिंग रूम आणि बुफे धरलेले असतात. स्टेकहाउस, इटालियन, सुशी, तेप्पान्याकी (समोरच तव्यावर शिजवून देणारं जपानी जेवण) अशा स्पेशालिटी रेस्टॉरंटांचे पैसे वेगळे. मोठ्यांचा हिशेब सोपा असतो: माणशी ठरलेला कव्हर चार्ज, किंवा मागवाल त्याचे पैसे. मुलांच्या बाबतीत मात्र वय, मेन्यू आणि जेवणाची वेळ या तिन्ही गोष्टी बघाव्या लागतात, आणि त्यातली एक जरी चुकली तरी स्वस्तातलं जेवण महागात पडतं.

सगळ्यांत स्वच्छ नियम रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा वाटतो. 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना पैसे नाहीत. 6 ते 12 वयाच्या मुलांना किड्स मेन्यूवरून जेवायचा एकच ठरलेला दर आहे. पूर्वी तो 10 डॉलर होता, अलीकडे 14.99 डॉलर झाला. त्यावर 18 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलातच लावलेली टिप, धरली की एका मुलाचं एक जेवण साधारण 17.69 डॉलरला पडतं. म्हणजे 8 वर्षांच्या मुलाची तीन रात्रींची जेवणं 53 डॉलरच्या आसपास, आणि त्याच टेबलावरच्या 4 वर्षांच्या भावंडाचं शून्य. तेराव्या वर्षापासून मात्र थेट मोठ्यांचा दर लागतो, अधलीमधली पायरी नाही. दर अधूनमधून वाढतात, त्यामुळे पैसे भरताना कंपनीच्या अ‍ॅपवर दिसेल तोच आकडा खरा धरावा.

हीच रेषा दुसऱ्या कंपनीत वेगळ्या जागी असते. कार्निव्हलच्या स्टेकहाउसमध्ये मुलांचा दर 11 वर्षांपर्यंत धरला जातो, म्हणजे 12 वर्षांचं मूल एका जहाजावर लहान आणि दुसऱ्यावर मोठं. डिस्नीच्या जहाजांवर पालो, रेमी आणि आँशांते ही रेस्टॉरंट 18 वर्षांखालच्यांना बंदच आहेत, त्यामुळे तिथे मुलांच्या दराचा प्रश्नच येत नाही. व्हर्जिन व्हॉयेजेसवर तर पूर्ण जहाजच 18 वर्षांवरच्यांसाठी. वय मोजतात ते बहुतेक ठिकाणी जहाज सुटतं त्या दिवशीचं. प्रवासात वाढदिवस आला म्हणून मधेच दर बदलत नाही. मात्र सुटायच्या आदल्या आठवड्यात तेरावं लागत असेल, तर बजेट आधीच मोठ्यांच्या दराने मांडावं. वय बुकिंगवरून थेट सिस्टिममध्ये जातं, त्यामुळे वेटरशी वाद घालून काही होत नाही.

आता मेन्यू. स्टेकहाउसच्या किड्स मेन्यूत बहुधा चिकन टेंडर्स, मॅक अँड चीज, स्पॅगेटी, बर्गर, फ्राइज, फळं आणि आइस्क्रीम असतं. क्वचित छोटा स्टेक. यातलं जवळपास सगळं मेन डायनिंग रूममध्ये तिकिटातच मिळतं. म्हणून 14.99 डॉलर पदार्थांसाठी आहेत असं समजू नये. आईवडिलांच्या शेजारी बसायची ती किंमत आहे. ती द्यायला हरकत नाही, कारण मोठ्यांना निवांत जेवता येतं, पण मूल तिथे काही नवं खाईल ही अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल. नवं खायची हौस असलेल्या मुलाला उलट मेन डायनिंग रूममध्ये न्यावं. तिथे मुलाने मोठ्यांच्या मेन्यूवरून मागवलं तरी जास्तीचे पैसे पडत नाहीत, दोन स्टार्टर मागवता येतात, आवडलं नाही तर वेटर दुसरं आणून देतो. स्पेशालिटी रेस्टॉरंटात किड्स मेन्यू सोडून मोठ्यांचा स्टेक मागवला, तर मोठ्यांचा दर लागू शकतो. ऑर्डर देण्याआधी एका वाक्यात विचारून घ्यावं.

आ ला कार्ट, म्हणजे मागवाल त्याचेच पैसे घेणाऱ्या सुशीबारमध्ये गणित उलटं आहे. तिथे कव्हर चार्ज नाही, त्यामुळे मुलासाठी एक रोल आणि वाटीभर एडामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा) मागवून काम भागतं. थोडंच खाणाऱ्या मुलाला हे ठरलेल्या दरापेक्षा स्वस्त पडतं.

तेप्पान्याकीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मुलांना सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच, आणि गोंधळही इथेच जास्त होतो. लोखंडी तव्याभोवती ठरावीक खुर्च्या असतात. शेफ समोरच तांदूळ परततो, अंडं उलथन्यावर उडवतो, कांद्याच्या चकत्यांची उतरंड रचून त्यातून जाळ काढतो. 6 ते 10 वयाचं मूल यात रंगून जातं. पण खुर्च्या मोजक्या असल्यामुळे खुर्चीवर बसणारं प्रत्येक मूल मोजलं जातं, आणि इथला मुलांचा दर बाकी रेस्टॉरंटांपेक्षा वेगळा असू शकतो. वेळ सगळ्या टेबलाला एकच: शेफने तवा तापवून सुरुवात केली की उशिरा आलेल्यांना सामावून घेणं अवघड. तवा मुलाच्या हातापासून फार लांब नसतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला हायचेअरमध्ये तव्याजवळ तासाहून जास्त बसवणं सुरक्षितही नाही आणि सोयीचंही नाही. इतकं लहान मूल बरोबर असेल तर हे रेस्टॉरंट सरळ टाळावं.

वेळेचा अंदाज ठेवला की बरेच त्रास वाचतात. स्टेकहाउसचं जेवण दीड ते दोन तास चालतं. शेफ्स टेबल, म्हणजे शेफने मोजक्या पाहुण्यांसाठी आखलेलं खास जेवण, त्याहूनही लांबतं, बरोबर वाइन असते, आणि ते मुलांसाठी नाहीच. स्टेकहाउसमध्ये टेकताक्षणी सांगावं की मुलाचं मुख्य ताट मोठ्यांच्या स्टार्टरबरोबरच आणा. स्वयंपाकघराला हे अजिबात कठीण नाही, पण न सांगितल्यास ताटं क्रमानेच येतात, आणि मूल ब्रेडवर पोट भरून मोकळं होतं. संध्याकाळचा पहिलाच स्लॉट घ्यावा. समुद्रातल्या दिवशी काही स्टेकहाउस दुपारीही उघडतात. तेव्हा मोठ्यांचा दर बराच कमी असतो आणि मुलं पेंगुळलेली नसतात. मुलांसह जायचं तर हीच वेळ आमच्या मते उत्तम.

स्पेशालिटी जेवणांचं पॅकेज घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. जेवण मोफत देणाऱ्या ऑफर पुष्कळदा केबिनमधल्या पहिल्या दोन प्रवाशांनाच लागू असतात, तिसऱ्या-चौथ्या बर्थवरच्या मुलाला नाही. दुसरं, पॅकेज दोघांचं म्हणून टेबलही दोघांचंच राखून ठेवलं जातं. मुलाचं जेवण फुकट असो वा नसो, आरक्षणात त्याचं नाव आणि खुर्ची हवीच, हायचेअर लागणार असेल तर तेही नोंदवलेलं हवं. अ‍ॅपवर जमलं नाही तर जहाजावर चढल्या दिवशीच रेस्टॉरंटच्या दारातल्या डेस्कवर जाऊन टेबल चौघांचं करून घ्यावं. दुसऱ्या दिवसापर्यंत सोयीच्या वेळा भरलेल्या असतात.

बिलावर सही करण्याआधी खालच्या ओळी वाचाव्यात. रॉयल कॅरिबियनवर 18 टक्के आणि नॉर्वेजियनवर 20 टक्के सर्व्हिस आधीच धरलेली असते, तरीही खाली जादा टिपसाठी रिकामी ओळ छापलेली असते. ती भरायची सक्ती नाही.

अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी निघण्यापूर्वीच कंपनीला कळवावं आणि टेबलावर हेड वेटरला पुन्हा सांगावं. किड्स मेन्यूत तळलेलं जास्त असतं. फ्राइज आणि चिकन एकाच तेलात तळले जातात का, हे शाकाहारी मुलांच्या पालकांनीही विचारायला हवं.

फक्त आईवडिलांनाच जायचं असेल तर मुलांचं वेळापत्रक आधी पाहावं. किड्स क्लब साधारणपणे 3 वर्षांपासून आणि डायपर सुटलेल्या मुलांना घेतात. रॉयल कॅरिबियनचा क्लब संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी काही काळ बंद असतो आणि रात्री 10 नंतर तासाचे पैसे लागतात, म्हणून साडेसातचं आरक्षण बरं पडतं. डिस्नीवर रात्रीच्या जेवणाच्या दुसऱ्या बैठकीत मुलांचं ताट लवकर आणतात आणि साधारण पाऊण तासाने क्लबमधले लोक मुलांना टेबलावरूनच घेऊन जातात. ही सोय रोजच्या रोटेशनल डायनिंगमध्ये, म्हणजे तिकिटातल्या रेस्टॉरंटांत आळीपाळीने होणाऱ्या जेवणात आहे. पालोला जायचं असेल त्या रात्री मुलांना आधी जेवू घालून क्लबमध्ये आपणच सोडावं लागतं.