कॉम्प्युटरच्या छोट्या केसमध्ये १२० की २४० मिमीचा रेडिएटर?

छोट्या केससाठी (म्हणजे कॅबिनेटसाठी) लिक्विड कूलर, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण थेट २४०च शोधतात. रेडिएटर म्हणजे त्यातलं तापलेलं पाणी फॅनच्या हवेने निववणारी जाळी; १२०वर १२० मिमीचा एक फॅन बसतो, २४०वर तसे दोन. माझंही मत तिकडेच झुकतं, पण आधी मोजपट्टी काढा. नावात २४० असलं तरी टोकाच्या टाक्या धरून रेडिएटर साधारण २७५ मिमी लांब भरतो. जाडी २७ मिमी, त्यावर २५ मिमीचा फॅन, म्हणजे ५२ मिमी जागा गेली. नेमक्या तिथेच पॉवर सप्लायच्या केबल्स आडव्या येतात. १५ मिमीचे स्लिम फॅन लावले तर एक सेंटीमीटर वाचतो, पण हवेचा दाब कमी पडतो.

१२०चा मागच्या फॅनच्या जागी निमूट बसतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरला तो पुरतो. पण तेवढ्याला चांगला एअर कूलरही (प्रोसेसरवर बसणारा, पाण्याशिवाय नुसत्या फॅनवर चालणारा) पुरतो, आणि त्यात पंप बंद पडायची धास्ती नाही. म्हणून उंच एअर कूलर मावत नसेल आणि २४०ही बसत नसेल, तरच १२०कडे वळा. १२५ वॉटच्या प्रोसेसरवर तासभर व्हिडिओ रेंडर लावला की १२०चं पाणी तापत जातं, फॅन किंचाळू लागतात. २४० तिथे बराच शांत राहतो.

दोन्हींत रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, नाहीतर लूपमधली (पाणी फिरतं त्या बंद मार्गातली) हवा पंपात जमून गुरगुर सुरू होते. नळ्याही ताठ असतात. झाकण लावताना त्या दुमडत नाहीत ना, ते बघा.